बुधवारचं बाकडं

ये, अशी जवळ सरक. कागदात का होईना, पण जवळ बस. आधी तुला थोडं रागावू दे, मग पुढचं सांगते. महिन्यातून दोनदा तुझा फोन येतो. "आत्या, कशी आहेस?" तू विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, आणि तू "काळजी घे हं" म्हणून ठेवून देतेस. आपल्याकडे आत्याला फुई म्हणतात, ते तर तू जर्मनीला जायच्या आधीच सोडलंस. त्याचं काही नाही, आत्याही गोड लागतं. पण अगं, इतक्या फोनांत एकदा तरी थांबायचं होतंस. "बरी म्हणजे कशी?" एवढं विचारायचं होतंस. आता चूक एकट्या तुझी नाही, माझीही आहे. आणि ती मी फक्त तुझ्यापाशी केली असती तर खपून गेली असती. मी ती कितीतरी देशांतल्या, तोंडही न पाहिलेल्या माणसांपाशी केली. तेच सांगायला वही उघडली आहे.

तुला ठाऊक आहे, माझा रक्तदाब हट्टी. असोद्याच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग दोन, मग तीन, तरी आकडा खाली येईना. तुझे पप्पा, माझा भाऊ, तेव्हा होता. "अक्का, ते पापड सोड आणि एकदा धुळ्याला ये," म्हणाला. मी देवपुरात तुमच्या घरी चार दिवस राहिले आणि तो मला तिथल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठ्या चाळल्या, दोन्ही हातांचा दाब मोजला आणि म्हणाले, "अक्का, एक नवी गोळी आहे. अजून दुकानात आलेली नाही. तिचा अभ्यास चाललाय, आपल्याकडे आणि बाहेरच्या बऱ्याच देशांत एकाच वेळी. तुमची इच्छा असली तरच."

मी म्हटलं, "एवढे देश कशाला? एका ठिकाणी पाहिलं की झालं."

डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचे असावेत. म्हणाले, "कपाशीचं नवं बियाणं आलं, आणि कुणी एकाच शेतात लावून पाहून चांगलं म्हणाला, तर घ्याल तुम्ही?"

"कुणाच्या शेतात लावलं त्यावर आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत काठी रोवली तरी फुटते."

"आणि साक्रीकडच्या बरडात?"

"तिथलं बरडालाच विचारायचं," मी म्हटलं. माझं माहेर तिकडचं, मला काय सांगता!

"तसंच हे. कुठं माणसं मीठ जास्त खातात, कुठं बर्फात राहतात, कुणाचं अंगच वेगळं. एकाच देशात पुरेशी माणसं जमवायची तर वर्षं जातात. सगळ्यांनी मिळून केलं की लवकर कळतं, आणि जे कळतं ते सगळ्यांच्या कामाचं असतं."

हे मला पटलं. संध्याकाळी भाऊने ओट्यावर बसून ते सगळे कागद मला वाचून दाखवले. भाषा मराठीच, पण कुणीतरी इस्त्री केलेली. 'प्रतिकूल घटना' आलं की मी त्याला थांबवायची. "म्हणजे त्रास गं," तो म्हणायचा. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. जुन्या गोळ्या सगळ्यांना चालूच. कुणाला कोणती ते डॉक्टरांनाही माहीत नाही, सगळ्या देशांचं संपलं की मगच उघड करणार. वाटेल तेव्हा सोडता येतं, असंही लिहिलेलं. मी म्हटलं, "हा तर लपंडावच झाला." तो हसला नाही. चष्मा काढून म्हणाला, "अक्का, तुले एकच सांगस. आठे लाजू नको. जे व्हई ते सांगजो." इथे लाजू नकोस, जे होईल ते सांग. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

सही म्हणजे माझी ती तीन अक्षरांची. शाळा मी पाहिली नाही. साक्रीच्या स्टँडवर आईबरोबर भाजी विकायला बसायची तेव्हा एसटीच्या पाट्या पाहून अक्षरं जुळवली. पिंपळनेर, नवापूर, धुळे. नवापूर मला सगळ्यांत आधी वाचता आलं.

दवाखान्याच्या चौथ्या खेपेच्या आधीच भाऊ गेला. तू आलीस, तेरावं करून परत गेलीस, घराला कुलूप लागलं आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे राहिली. तुला दोष देत नाही. नोकरीचं गाव दूर, सुटी मोजकी. पण मागे काय राहिलं ते तुला माहीत नव्हतं, आणि मीही फोनवर सांगितलं नाही. मला मूलबाळ नाही, तुझे काका जाऊन बरीच वर्षं झाली. पुतण्या शेत पाहतो, सकाळी दुधाची पिशवी दाराला अडकवून जातो. माणूस चांगला आहे, पण बोलायला थांबत नाही. त्यात असोद्याची बोली निराळी. लग्न होऊन आले तेव्हा मी 'आहे'ला 'शे' म्हटलं की जावा पदर तोंडाला लावून हसायच्या, म्हणून मी ते 'शे' गिळलं. पुढे ते फक्त भावाशी बोलायचं उरलं होतं. तो गेला आणि माझी बोलीच बंद झाली.

मग धुळ्याला जायला कारण उरलं ते एकच, ही गोळी. खरं सांगायचं तर मला गोळीचं काही नव्हतं. मला ते जाणं हवं होतं. आधी दर महिन्याला, पुढे दोन महिन्यांनी, बुधवारी. पहाटे उठून अंघोळ, पोटात काही नाही, जळगावपर्यंत रिक्षा आणि तिथून एसटी. पाळधी, एरंडोल, पारोळा, प्रत्येक पाटी मी अजून वाचते. दवाखान्याचं आटोपलं की देवपुरात जाऊन तुमच्या घरासमोर जरा उभी राहायची. काकूंकडून किल्ली मागितली नाही कधी. कुलूप हलवून पाहायची, बस.

दवाखान्यात आमचं सगळं पाहायला एक बाई होती. चाळिशीची, जाड चष्मा, वडील धुळ्यातच शिवणकाम करायचे. हातात कायम फायलींचा गठ्ठा, म्हणून मी तिला कागदवाली म्हणायची. ती मला अक्का म्हणायची. रक्त काढून झालं की ती खायला द्यायची, बिस्किटाचा पुडा आणि केळ. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, असोद्याच्या माणसाला केळ देतेस? विहिरीला घागर देण्यासारखं झालं हे." ती म्हणाली, "नियमात फळ लिहिलंय अक्का, खा. तुमच्याकडचंच फिरून आलं असेल." रमजानातही तिने मला असंच समोर बसवून खाऊ घातलं, स्वतः पाण्याचा थेंब न घेता.

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीत जायच्या. दुपारी गाडी यायची, पेटी विमानाने दुसऱ्या देशात. सगळ्या देशांचं रक्त एकाच ठिकाणी तपासायचं, म्हणजे मापात फरक नको. एकदा गाडी चुकली आणि महिनाभराने माझं रक्त पुन्हा काढावं लागलं. मी म्हटलं, "काढ बाई. मी नाही बसले विमानात, निदान माझं रक्त तरी दोनदा बसू दे."

आणि ते प्रश्न! प्रश्नांची वही सगळीकडे एकच. 'टबमधून बाहेर येताना अडचण होते का?' 'गालिचा स्वच्छ करताना दम लागतो का?' मी विचारलं, "टब कुठला?" कागदवाली म्हणाली, "मोरी समजा." "आणि गालिचा?" ती डोकं खाजवून म्हणाली, "अंगण झाडता ना? पण तसं लिहिता येत नाही मला. वही जशी आहे तशीच भरायची, एक अक्षर बदललं तर चौकशी होते." मग तिने मुंबईला, अभ्यासाच्या मोठ्या कचेरीला, विचारलं, मुंबईने कुठेतरी विचारलं, आणि दोन खेपांनंतर उत्तर आलं की 'लागू नाही' अशी खूण करा. एका मोरीसाठी एवढा प्रवास.

त्याच वहीत एक प्रश्न होता. 'गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला एकटं वाटलं का?' कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. मी म्हटलं, कधीच नाही. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लिहू?"

"लिही."

बाकड्यावर मला एक मैत्रीण मिळाली, साक्रीकडच्या डोंगराखालच्या गावची. तीही याच गोळीसाठी यायची. पहिल्यांदा शेजारी बसली आणि म्हणाली, "माय वं, आठे कितला गारठा शे." तेवढं 'शे' ऐकून मी तिच्याजवळ सरकले. मी तिला अक्का म्हणायची, ती मला अक्का. कागदांवर आमचे नंबर होते आणि तिथे कुणी कुणाचं नाव पुकारत नसे. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून नियमच तसा. थंडीत मी भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी न्यायची, ती कधी कुळथाचं पिठलं आणायची. तपासणी झाली की आम्ही बाकड्यावर डबा उघडायचो आणि तासभर माहेरच्या भाषेत बोलायचो. घरी एक डायरी दिलेली होती. रोज चौकटीत लिहायचं, गोळी किती वाजता घेतली आणि काही त्रास आहे का. तिला लिहिता येत नव्हतं, नातसून लिहायची. मी माझी स्वतः लिहायची, आणि मला त्याचा गर्व होता.

आता ऐक. गोळी सुरू होऊन बरेच महिने झाले होते, तिचं प्रमाण वाढवलं होतं, तेव्हा मला चक्कर यायला लागली. गोळी घेतल्यावर तासाभराने. बसलेली उठले की घर डावीकडे कलायचं. ओट्याची कड धरायची, दहा आकडे मोजायचे, की सरळ व्हायचं. त्या दिवशी चौकटीत मी लिहिलं, 'बरं आहे.' दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं.

का लिहिलं, ते तुला परदेशात बसून कळायचं नाही कदाचित. माझी आई म्हणायची, दारात आलेल्याला पाणी द्यावं, दुखणं देऊ नये. आपल्याकडे कुणी "कसं शे?" विचारलं की "बरं शे" म्हणायचं, मग अंगात ताप का असेना. ज्याने आपुलकीने विचारलं त्याच्या ओंजळीत आपलं रडगाणं ओतायचं हा वाईटपणा वाटतो. कागदवाली दर महिन्याला मध्ये एकदा फोन करायची. "अक्का, काही त्रास?" या घरात माझं नाव घेऊन वाजणारे फोन दोनच, तिचा आणि तुझा. मी म्हणायची, बरी आहे.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं की मला भीती होती. बाकड्यावर मी अक्काला हळूच विचारलं, "तुले चक्कर येस का वं?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "माले तं पाय सुजतस," म्हणाली, आणि लुगडं जरा वर करून घोटा दाखवला. बोट दाबलं की खळगा राहत होता. मग तिने माझं मनगट धरलं. "सांगू नको माय. काढी टाकतीन." काढून टाकतील. तिच्या गावाजवळ डॉक्टर नाही, तिला इथली तपासणी हवी होती. मला बुधवार हवा होता. आम्ही दोघींनी मान हलवली आणि डबा उघडला.

तिथल्या यंत्रात माझी चक्कर सापडायची नाही, कारण तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नसे. उपाशीपोटी, गोळीविना जायचं. निजवून दाब मोजायचे, उभं करून मोजायचे, सगळं ठीक. मग त्यांच्यासमोर गोळी घ्यायची, आणि तासाभराने मी बाकड्यावर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं म्हातारी पेंगतेय.

एका सकाळी घरी मी मोरीपाशी पडले. किती वेळ ते माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा तांब्या उंबऱ्यापाशी लोळत होता आणि दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. म्हणजे पुतण्या येऊन गेला होता आणि मी आत फरशीवर होते. कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं. मी उठले, पिशवी आत घेतली, दूध तापवलं. डायरी उघडली. पेन बराच वेळ हातात धरून बसले. मग लिहिलं, 'बरं आहे.' त्या आठवड्यात तुझा फोन आला होता. आठवतं? बर्फ पडलाय म्हणालीस.

पुढच्या खेपेच्या बुधवारी लांब बाह्यांचं पोलकं घालून गेले. दवाखान्यात नेहमीसारखं नव्हतं. कागदवालीच्या खोलीत मुंबईहून आलेला तपासणीस बसला होता, टेबलावर आमच्या डायऱ्यांची चळत. दार अर्धवट उघडं. तो मोठ्याने बोलत नव्हता, पण बाकड्यावर सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, बाकीच्या देशांतल्या डायऱ्या बघा. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला मळमळ, कुणाला चक्कर. तुमच्याकडे पानंच्या पानं बरं आहे, बरं आहे. इथली माणसं काय दगडाची आहेत?"

"सर, ते असंच सांगतात."

"की तुम्हीच बसून भरता?"

थोड्या वेळाने ती बाहेर आली, मला पलीकडच्या खोलीत नेलं, माझ्या बऱ्या हाताला पट्टा बांधायला लागली. नाक लाल झालेलं. मी विचारलं, "काय झालं बाई?"

"काही नाही अक्का. एक पत्र आलंय, सगळ्यांना वाचून दाखवायचंय आणि पुन्हा सही घ्यायचीय." तिने वाचलं. कुठल्यातरी देशात हीच गोळी घेणारी एक बाई घरात पडली आणि तिच्या डोक्याला मार लागला. उभं राहताना चक्कर येऊ शकते, असं आता कागदात घालायचं ठरलं होतं.

"कुठल्या देशातली?"

"ते आम्हालाही कळत नाही."

"वाचली का?"

"दवाखान्यात आहे, एवढंच लिहिलंय."

मी विचारलं, "त्यांना आधी का नाही समजलं?"

"समजतं ते लोकांनी सांगितल्यावरच ना. सगळ्या देशांतून थोडं थोडं कळतं आणि ते एका जागी जमतं. इकडून काही गेलंच नाही, तर त्यांना वाटतं की इकडे काही होत नाही." ती पट्टा गुंडाळत होती. "आणि आता ते म्हणतात की मी खोटं लिहिते."

अगं, त्या वेळी मला काय दिसलं सांगू? मोरीपाशी पडलेली ती बाई. तिच्याकडे टब असेल, मोरी नसेल. माझ्याच वयाची असेल. कोण जाणे, तू राहतेस त्याच गावची असेल, भाजीच्या दुकानात तुझ्या पुढे उभी राहिली असेल. पत्र यायच्या कितीतरी आधीपासून मला चक्कर येत होती आणि मी ती पदराखाली झाकून ठेवली होती. आणि ही समोरची बाई, जिने स्वतः उपाशी राहून मला केळी सोलून दिली, ती माझ्यामुळे खोटी ठरत होती.

भाऊचं वाक्य आठवलं. मी पोलक्याची बाही वर केली.

तिने हाताकडे पाहिलं. पिवळट-हिरवा झालेला डाग. "हे कधी?"

"मागल्या महिन्यात. मोरीपाशी पडले. चक्कर तर त्याच्याही आधीपासून आहे."

"अक्का!" ती एवढंच म्हणाली. मग खुर्चीत बसली. "मी दर महिन्याला विचारत होते ना?"

"विचारत होतीस. मी बरी आहे म्हणत होते."

"का पण?"

"तू इतकं प्रेमाने विचारायचीस, तुला दुखणं काय द्यायचं." आणि मग जे कुणालाच म्हटलं नव्हतं तेही म्हटलं. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही मला काढून टाकलं असतं. मग मी बुधवारी कुठं गेले असते?"

डॉक्टर आले, तपासणीसही आला. मला आठवेल तसं सांगायला सांगितलं. तारखा मला कुठून आठवणार? पण एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बाजारच्या आदल्या दिवशी, जावेची नात बघायला पाहुणे आले त्या सकाळी, असं मी सांगत गेले आणि कागदवाली भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवून तारीख काढत गेली. मी म्हटलं, "ते खोटं लिहिलेलं पांढऱ्या शाईने पुसून टाकते." ती म्हणाली, "पुसायचं नसतं अक्का. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, आजची तारीख, सही." ज्या दिवसांची मला खात्री होती, तेवढ्याच चौकटींत मी रेघ मारली. 'बरं आहे' वर रेघ, शेजारी 'चक्कर'. मोरीच्या दिवशी 'पडले'. रेघा वाकड्या आल्या. तपासणीस उभा राहून पाहत होता. शेवटी कागदवालीला म्हणाला, "सॉरी मॅडम." मग मला म्हणाला, "आजी, हे तुमचं एक पान तिकडे फार कामाचं आहे." मी म्हटलं, "कामाचं आहे तर उशीर झाला म्हणून रागवा की थोडं." तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

बाहेर आले. अक्का बाकड्यावर बसली होती, डबा मांडीवर. मी म्हटलं, "मी सांगी टाकं." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या गोठ्यातली म्हैस सोडून दिली आहे. "तुले काय, तुना दारशी डॉक्टर शे," म्हणाली. बरोबरच होतं तिचं. त्या पडलेल्या बाईचं मात्र सांगितलं, कागदवालीने वाचलं तसं. ती बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग डबा माझ्या मांडीवर ठेवला, लुगडं सावरलं आणि स्वतःच आत गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मी बी दखाडं. घोटा." आणि भाकरी मोडायला लागली.

तिचं प्रमाण कमी केलं आणि तिला ठेवलं. मी पडले होते, म्हणून माझी गोळी त्याच दिवशी बंद. डॉक्टर म्हणाले, "अक्का, गोळी थांबली तरी तुमची तब्येत आम्ही बघणार." आणि बघितलीही. डोक्याचा फोटो काढला, जुनी औषधं नीट लावून दिली, दोन खेपा आणखी बोलावलं. शेवटच्या खेपेला प्रश्नांची वही पुन्हा निघाली. टब, गालिचा, लागू नाही, लागू नाही. मग तो प्रश्न आला. कागदवाली वाचून थांबली.

मी म्हटलं, "नेहमी."

"लिहू?"

"लिही."

तिने खूण केली. ती खूणही विमानाने कुठेतरी गेली असेल. कुणीतरी मोजली असेल.

आता चक्कर येत नाही. आकडा जरा वर असतो, जळगावच्या डॉक्टरांकडे जाते. कागदवालीने नंतर दोनदा फोन केला, मग तिचा अभ्यास दुसरा सुरू झाला, दुसरी माणसं आली. होणारच. सगळ्या देशांचं संपलं की मला पत्र येणार आहे, मी खरी गोळी घेत होते की नुसतीच. नुसती निघाली तर, अगं, मी हसेन की रडेन ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ती चक्कर कशाची होती म्हणायची?

पण माझा जीव अडकलाय तो भलतीकडेच. त्या शेवटच्या खेपेला अक्का आलेली नव्हती, तिचा दिवस निराळा होता. मला तिचं नाव माहीत नाही. गाव डोंगराखाली, एवढंच. तिच्या नातसुनेचा नंबर मी घेतला नाही, कारण पुढचा बुधवार आहेच असं वाटत होतं. कागदवालीला विचारलं तर म्हणाली, "अक्का, मला सांगता येत नाही, तुम्हाला माहीत आहे." माहीत आहे. तिचा कुळथाच्या पिठल्याचा डबा माझ्याकडे राहिलाय. घासून फडताळात ठेवलाय. रिकामा डबा परत द्यायचा नसतो.

एकटीने धुळ्याची एसटी धरायला पुतण्या आता सोडत नाही. "काकी, पडशील कुठं तरी," म्हणतो. हे मात्र थांबून म्हणतो. सवय अशी लागलीय की सकाळी चहा झाला की मी वही उघडते. चौकटी नसलेली साधी वही आहे. तिच्यात एवढ्यात बरं आहे असं मी एकदाही लिहिलं नाही.

तर बाई, तू ये. लवकर ये. थंडी सरायच्या आत आलीस तर वांगी मिळतील, मी भरीत करीन आणि तो डबा भरीन. देवपुरात जाऊ, काकूंकडून किल्ली घेऊ, घर उघडून खिडक्या वाऱ्याला लावू. मग दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसू दोघी. ती येईल किंवा नाही येणार, पण बसून तर पाहू. तिकीट काढशील तेव्हा एवढंच बघ, बुधवार धरून ये.